हो म्हणायला बोटभर जागा

आहात तिथेच उताणे झोपा बरं. खरोखर झोपलात तर पुस्तक हातातून पडेल, म्हणून झोपल्याची नुसती कल्पना करा. हात अंगालगत सरळ. पाय जुळलेले. आता समजा, नाकाच्या वर वीतभर अंतरावर छत आहे. खोलीचं नव्हे. तुम्ही एका मोठ्या पांढऱ्या नळकांड्यात आहात आणि ते त्या नळकांड्याचं पोट आहे. डोक्यावर जाळीचा एक टोप बसवलाय. कानांत बोळे, बोळ्यांवर हेडफोन. आणि तुम्हाला एकच काम दिलंय. हलायचं नाही.

झालं? नाक खाजायला लागलं ना?

लागणारच. दिवसभर ज्या नाकाची आठवणही होत नाही, ते नेमकं आत्ताच जागं होतं. तेवढ्यात आवाज सुरू होतो. आधी कोणी लोखंडी बादलीवर हातोडा घातल्यासारखा, मग दाराची बेल अडकून बसल्यासारखा, मग कानाशी हत्तीएवढा भुंगा आल्यासारखा. पस्तीस मिनिटं. आणि तुम्ही हलायचं नाही, बोलायचंही नाही, कारण बोललं की जबडा हलतो.

आता उठा आणि गोष्ट ऐका. कारण ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती हे सगळं निमूट करत होती, आणि तरीही सगळे तिच्यावर चिडले होते.

तिला घरात भिंगरी म्हणत. वय नऊ. चालण्याऐवजी गिरक्या घेत जायची म्हणून हे नाव तिच्या आत्याने ठेवलं होतं. आत्या शिवणकाम करायची आणि भिंगरी तिच्याकडेच राहायची. दोन महिन्यांपासून मात्र गिरक्या भिंगरी घेत नव्हती, जमीन घेत होती. उभ्या उभ्या सगळं गरगर फिरायचं आणि ही धाडकन खाली. एकदा आत्याच्या दुकानात, एकदा शाळेत, आणि एकदा जिन्यावरून, सहा पायऱ्या.

डॉक्टर म्हणाले, "कानाच्या आत, मेंदूच्या शेजारी नीट बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आधी फोटो आणा."

तोवर काय? तोवर जिना बंद, सायकल बंद, शाळेत आत्याचं बोट धरून जायचं आणि बोट धरून यायचं. हे सगळं भिंगरीने सोसलं असतं. पण न्हाणीघराची कडी लावायची नाही, हे तिला सोसत नव्हतं. दार नुसतं लोटलेलं आणि बाहेर आत्या उभी. दर मिनिटाला, "बरी आहेस ना गं?" नऊ वर्षांच्या माणसाला हे कसं वाटत असेल, सांगा! फोटो मिळाला की डॉक्टर बोलतील, डॉक्टर बोलले की कडी परत मिळेल, असा तिचा सरळ हिशेब होता.

आणि फोटोच मिळत नव्हता.

आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा गेले तेव्हा तो बिघडला. यंत्र चालवणारे गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले, "पोर हलली. पुन्हा या." जाताना समाधानाचा फॉर्म भरायला दिला. त्यावर तीन तोंडं काढलेली होती: हसरं, सरळ आणि रडकं. आत्याने रडकं तोंड इतक्या जोराने रंगवलं की कागद फाटला.

आज दुसरी खेप होती.

सकाळी सगळ्यात आधी टाचण्यांचा घोळ झाला. त्या यंत्रात एवढं मोठं लोहचुंबक असतं की खोलीत लोखंडाचा कणही न्यायचा नाही. भिंगरीला त्यांचा ढगळ झगा दिला, आणि कपडे बदलतानाही दार उघडंच, कारण आत्या दारात. मग यंत्रवाल्या काकांनी आत्याकडे बघितलं.

"बाई, तुम्हाला हिच्यासोबत आत थांबता येईल. अंगावर काही लोखंडी?"

"काही नाही," आत्या म्हणाली, आणि सवयीने हात कॉलरकडे गेला. "थांबा हं." एक टाचणी निघाली. मग बाहीतून दोन. कंबरेच्या शिवणीतून सात. काका हातावर हात ठेवून उभे. खांद्यापाशी दोरा ओवलेली सुई निघाली तेव्हा आत्यालाच आश्चर्य वाटलं. "ही मी परवापासून शोधतेय!"

"अकरा," काका म्हणाले. "आणि बारावी कुठेतरी असेलच. तुम्ही बाहेरच बसा."

अशी भिंगरी एकटी आत गेली. काकांनी तिला फळीवर झोपवलं, टोप बसवला, आणि डोकं डावी-उजवीकडे हलू नये म्हणून दोन्ही कानांशी स्पंजच्या उशा खोचल्या. हातात एक रबरी फुगा दिला. "काही झालं, भीती वाटली, तर हा दाब. मी लगेच बाहेर काढीन. बाकी काही करायचं नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. भिंगरीला न हलणं छान जमायचं, हे कोणाला खरं वाटत नसे, पण जमायचं. आत्याच्या दुकानात तिच्या मापाचे झगे तिच्याच अंगावर बेतले जायचे. तेव्हा ती स्टुलावर अर्धा अर्धा तास खांबासारखी उभी राहायची. आत्याच्या तोंडात टाचण्या, त्यामुळे आत्या बोलायची ती नुसती "हं?" करून. हं म्हणजे टोचतंय का, हं म्हणजे लांबी पुरे का, हं म्हणजे भूक लागली का. आणि भिंगरी उत्तर द्यायची. मोठ्या माणसाने विचारलं की गप्प बसायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम. दुसरा नियम, शिवण हलू द्यायची नाही. दोन्ही नियम ती एकाच वेळी पाळायची. कसे, ते तुमच्यातल्या एखाद्याच्या आत्ताच लक्षात आलं असेल. त्या दिवशी एवढ्या शिकलेल्या मोठ्या माणसांच्या लक्षात येईना.

यंत्र सुरू झालं. काका काचेपलीकडच्या खोलीत बसले. तिथे टेबलावर एक छोटं घड्याळ होतं. ते दर दोन मिनिटांनी टुण्ण करायचं. टुण्ण झालं की काकांनी बटण दाबून विचारायचं, "ठीक आहेस ना बाळ?" आणि समोरच्या कागदावर एका चौकटीत बरोबरची खूण करायची. हा नियम मोठ्या सिस्टरांनी घालून दिला होता, आणि तो काही वाईट मनाने नव्हे. बऱ्याच लोकांनी फॉर्मवर लिहिलं होतं, "आत ढकलून देतात आणि विसरून जातात." सिस्टरांना ते लागलं. त्यांनी घड्याळ आणलं, चौकटींचा कागद बनवला आणि भिंतीवर पाटी लावली: तपासणी चालू असताना दर दोन मिनिटांनी रुग्णाची विचारपूस केली जाईल. कागदावर विचारल्याची चौकट होती. उत्तराची चौकट काढायची राहून गेली होती.

"ठीक आहेस ना बाळ?"

भिंगरीने उत्तर दिलं.

दोन मिनिटांनी पुन्हा, "ठीक आहेस ना?" तिने पुन्हा उत्तर दिलं. नाक खाजत होतं, पण तिने ते खाजू दिलं. एक पाय झोपला, त्यालाही झोपू दिलं. सतरा वेळा काकांनी विचारलं, सतरा वेळा तिने चांगल्या मुलीसारखं उत्तर दिलं. फळी बाहेर आली तेव्हा ती मनात म्हणत होती, झालं! आज मी कडी लावणार.

काका पडद्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बाहेरच्या बाकांपाशी आले.

"बाई, हलली."

आत्या ताडकन उठली. "काय सांगता?"

"थोडंथोडकं नाही. एका फोटोत नाकाला नाक चिकटलंय. पुढच्यात हनुवटी दोनदा उमटलीय. मी काय दाखवू डॉक्टरांना?"

"मी हलले नाही," भिंगरी म्हणाली.

"मग काय यंत्र हललं?"

"मला माहीत नाही. मी हलले नाही."

"भिंगरे," आत्या खालच्या आवाजात म्हणाली, आणि ती खालच्या आवाजात बोलायला लागली की समजायचं. "खरं सांग. हललीस तर हललीस म्हण. मी रागावणार नाही."

"तू रागावलीच आहेस."

"मी रागावलेली नाही!" आत्या इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या बाकावरचा माणूस दचकला.

तो रंगारी होता. नखांत हिरवा रंग होता, आणि भिंती रंगवून रंगवून त्याचा खांदा आखडून उजवा हात कानाच्या वर जाईनासा झाला होता. पुढचा नंबर त्याचा. तो दोन तास बसून होता आणि आता बसण्यालाच वैतागला होता.

"अहो, लहान पोर आहे, हलणारच," तो म्हणाला. "तिला ओरडून काय उपयोग?"

"तुम्ही मधे पडू नका," आत्या म्हणाली.

"मधे कुठे पडतोय? मी तर बाजूला बसलोय. सकाळपासून."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. पांढरे बूट, हातात कागदांची पाटी. त्यांनी आधी चौकटी मोजल्या. सतराच्या सतरा खुणा. "विचारपूस तर व्यवस्थित झालीय," त्या समाधानाने म्हणाल्या. मग भिंगरीपुढे वाकल्या. "काय गं, भीती वाटली का?"

"नाही."

"आवाजाची?"

"नाही."

"मग का हललीस?"

आता सांगा, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर कोणी ऐकत नाही. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडण्याचं नव्हे, रागाचं. ते जास्त गरम असतं.

"असं करू," सिस्टर सरळ होत आत्याला म्हणाल्या. "पुढच्या वेळी हिला इंजेक्शन देऊन झोपवू. म्हणजे प्रश्नच नाही. त्याचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांची तारीख..." त्यांनी कागद उलटले. "बावीस दिवसांनी."

"बावीस?" आत्या मटकन बाकावर बसली. "अहो, ती पडते. उभ्या उभ्या पडते. मी रात्री दोनदा उठून हिचा श्वास बघते. अजून बावीस दिवस?"

"मी समजू शकते. पण आता दुसऱ्यांदा बिघडलंय. यांचा नंबर आहे," सिस्टरांनी रंगाऱ्याकडे हात केला आणि बूट वाजवत निघून गेल्या.

बावीस दिवस. भिंगरीने मनात मोजलं. बावीस दिवस उघडं न्हाणीघर. आणि वर सुई. आणि तीही का, तर न केलेल्या गोष्टीसाठी. तेव्हा तिने ठरवलं, या मोठ्या माणसांशी आता एक शब्दही बोलायचा नाही. बोलून उपयोग काय? बोललेलं खोटंच ठरतं. ती हाताची घडी घालून बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि तिने ओठ असे मिटले की जणू टाचण्या आत्याच्या नव्हे, तिच्याच तोंडात आहेत.

आत्याने विचारलं, "कपडे बदलायचे?" उत्तर नाही.

"भिंगरे, मी विचारतेय ना!"

तरी तोंड मिटलेलंच. पण आत्याने विचारलं होतं, आणि घरातला पहिला नियम रागाहूनही जुना होता. तिने मान हलवली. नाही.

"आता हिने मौन धरलं," आत्या छताकडे बघत म्हणाली. "आता दुसरं काय राहिलं होतं!"

रंगाऱ्याला त्या चेहऱ्याची दया आली की हसू आलं, कोण जाणे. त्याने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. "पाणी पिणार का, मौनीबाई?"

तिने मान हलवली. हो. नुसती हलवली नाही, चांगली जोरात, कारण तहान लागली होती. केसांची उंच बांधलेली शेपटी वर उडून पाठीवर आपटली.

यंत्रवाले काका रंगाऱ्याला बोलवायला दारात आले होते. त्यांनी ती शेपटी बघितली. ते तिथेच थांबले.

"काय दादा, येऊ का?" रंगाऱ्याने विचारलं.

"थांबा." काका भिंगरीसमोर उकिडवे बसले. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, जसं आत विचारायचे तसंच म्हणाले, "ठीक आहेस ना बाळ?"

भिंगरीने मान हलवली. हो.

"आत पण... मी आत विचारत होतो, तेव्हा पण तू असंच उत्तर दिलंस?"

हो, मान म्हणाली.

"दर वेळी?"

हो. या काकांना झालंय तरी काय, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. विचारलं म्हणून सांगितलं. मग काय गप्प राहायचं होतं?

काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सतरा वेळा," ते म्हणाले. "मी सतरा वेळा विचारलं. आणि गेल्या खेपेला सतरा वेळा. चौतीस वेळा मी माझ्या हातांनी फोटो बिघडवले!"

"पण मी तिला हलू नको सांगितलं होतं," आत्या म्हणाली, आणि मग तिचंच तोंड उघडं राहिलं. तिला स्टूल आठवलं. तोंडातल्या टाचण्या, तिचं "हं?", आणि खांबासारखी उभी भिंगरी, फक्त मान वर-खाली. त्यांच्या दुकानात मान हलणं म्हणजे हलणं नव्हतंच. ते बोलणं होतं.

"उशा लावल्या होत्या मी," काका अजून स्वतःशीच भांडत होते. "पण उशा बाजूंना. वर-खाली बोटभर जागा राहते. म्हणजे पोरीला नाही म्हणायला जागा नव्हती, हो म्हणायला होती!"

"मी म्हटलं होतं मी हलले नाही," भिंगरी म्हणाली. मौन सुटलं. आवाज घोगरा झाला होता. "म्हटलं होतं की नाही?"

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्हटलं होतंस," ती म्हणाली. "चुकले बाई मी."

पण एवढ्याने काम होत नव्हतं. फोटो अजून बिघडलेलेच होते आणि नंबर रंगाऱ्याचा होता. काका घड्याळाकडे बघत म्हणाले, "आत्ता पुन्हा घेता आला असता. पण पुढे दुपारची माणसं येतील. एकच जागा आहे, ती यांची."

सगळ्यांनी रंगाऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघायला लागला. भिंतीचा रंग वाईट दिला होता, त्याचा त्याला जास्तच राग आला.

"दोन तास," तो भिंतीला म्हणाला. "दोन तास बसलोय मी इथे." मग हात झटकायला गेला आणि खांद्याने कळ मारली. "आई गं! घ्या, घ्या तिला आत. माझा खांदा काय पळून जात नाही, त्याला पळता आलं असतं तर इथे आलो असतो का? संध्याकाळच्या एखाद्या फटीत मला घ्या. पण पोरी, या वेळी जर मान हलवलीस ना..."

भिंगरीने मान हलवायला घेतली आणि थांबवली. "नाही हलवणार," ती तोंडाने म्हणाली.

काकांनी तिला परत फळीवर झोपवलं. या वेळी हनुवटीखालीही एक उशी दिली, पण ती मऊ होती. मन लावलं तर तिलाही दाबून मान हलली असती. "आज मी काही विचारणार नाही," ते म्हणाले. "सात आवाज होतील. शेवटचा सगळ्यात लांब, सात मिनिटांचा. मी खोटं सांगत नाही, तो संपतच नाही असं वाटेल. तू गप्प आहेस म्हणजे ठीक आहेस. नसलीस तर फुगा. बास."

आत्या दाराच्या बाहेर, जिथवर टाचण्या चालतात तिथवर येऊन उभी होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. हलू नकोस हे सांगून काय झालं ते दिसलंच होतं. ती एकच शब्द म्हणाली.

"कॉलर!"

काकांना कळलं नाही. भिंगरीला कळलं. दुकानात सगळ्याला मान हलवून उत्तर चालायचं, फक्त एका वेळी नाही. कॉलर बेतताना. तेव्हा टाचणी हनुवटीखाली असते. तेव्हा आत्याने "हं?" केलं तरी उत्तर द्यायचं नाही, दारात अख्खं गाव येऊन विचारू लागलं तरी नाही. आत्या टाचण्या काढून "हं, झालं" म्हणेपर्यंत मान म्हणजे दगड. हा तिसरा नियम, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

दार लागलं. काकांनी घड्याळाचं टुण्ण बंद केलं.

बादलीवर हातोडा. मग बेल. मग भुंगा. मधे शांतता, मग पुन्हा हातोडा. भिंगरी कॉलरखालची टाचणी मनात धरून पडून राहिली. टोक अगदी गळ्याशी. काकांनी म्हटल्याप्रमाणे कोणी काही विचारलं नाही. पहिले सहा आवाज असे गेले, आणि पडद्यावर फोटो एकामागून एक स्वच्छ उमटत गेले. काका श्वाससुद्धा जपून घेत होते.

सातवा आवाज सुरू झाला आणि दोन मिनिटांनी मोठ्या सिस्टर खोलीत आल्या.

"घड्याळ का वाजत नाही? मी मघापासून ऐकतेय." त्यांनी कागद उचलला. सगळ्या चौकटी कोऱ्या. "हे काय? विचारपूस नाही? आणि ही तीच मुलगी ना? हिला परत कोणी घेतलं?"

"सिस्टर, पाचच मिनिटं. मग सगळं सांगतो. तिला विचारायचं नाहीये."

"विचारायचं नाहीये म्हणजे? एवढीशी पोर अर्धा तास आत, आणि कोणी विचारायचं नाही? अहो, मी लोकांचे फॉर्म वाचते! तुम्ही वाचता का?"

"सिस्टर, नको—"

पण सिस्टरांनी बटण दाबलं होतं.

"बाळा, बरी आहेस ना? घाबरली नाहीस ना?"

भिंगरीच्या कानात भुंग्याच्या पलीकडून तो बाईचा आवाज आला. मोठ्या माणसाचा, आणि काळजीचा. असा आवाज आला की हनुवटी आपोआप उचलली जाते, तिला विचारावं लागत नाही. मानेच्या मागच्या शिरेत उत्तर येऊन उभं राहिलं. नुसतं उभं नाही, ढकलायला लागलं. टाचणी, भिंगरीने मनात म्हटलं. टाचणी, टाचणी, टाचणी.

"बाळा? मी काय विचारतेय? ऐकू येतंय ना?" सिस्टरांचा चेहरा उतरला. "ही उत्तर का देत नाही? तिला काही झालंय. काढा तिला बाहेर. काढा आधी!"

सिस्टरांचा हात यंत्र थांबवायच्या बटणाकडे गेला. काकांनी त्यावर स्वतःचा पंजा झाकण ठेवावं तसा ठेवला. "ती उत्तर देतेय, सिस्टर," ते दात दाबून म्हणाले. "पडद्याकडे बघा. हेच तिचं उत्तर आहे."

पडद्यावर कानाच्या आतली, गोगलगायीच्या शंखाएवढी चिमुकली वळणं रेघेरेघेने उमटत होती. एकही रेघ दुहेरी नव्हती.

सिस्टर बघत राहिल्या. त्यांचा हात काकांच्या पंजाखालीच राहिला आणि उरलेली तीन मिनिटं गेली. भुंगा थांबला.

"मिळाला," काका म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "सगळे मिळाले."

फळी बाहेर आली. टोप निघाला, उशा निघाल्या. दारातून आत्या म्हणाली, "हं, झालं," आणि तेव्हाच भिंगरीने डोकं उचललं. आधी तिने नाक खाजवलं, दोन्ही हातांनी, पोटभर. मग समोर सिस्टर दिसल्या. त्यांच्या कपाळावर अजून घाम होता आणि हातात कोऱ्या चौकटींचा कागद.

"अगं, एक शब्द तरी..." सिस्टर म्हणाल्या. "माझा जीव गेला होता."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं आणि सावकाश मान वर-खाली हलवली. तो मघाच्या पहिल्या प्रश्नाचा हो होता. मग डावी-उजवीकडे हलवली. तो दुसऱ्याचा नाही. आता दोन्हीला जागा होती.

सिस्टरांना हसावं की रागवावं कळेना. "उद्या मला नियम बदलावा लागणार," त्या पुटपुटल्या, आणि ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं. तरी खिशातून फॉर्म निघालाच. "हा भर बरं आधी. तीन तोंडं आहेत, त्यातलं—"

"आधी कपडे बदलते," भिंगरी म्हणाली.

ती भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत कपडे बदलायच्या खोलीत गेली. आत्या तिच्या मागोमाग निघाली, सवयीने दारात उभी राहायला. पण दार लागलं. पुरतं लागलं. आणि आतून आवाज आला, खट्ट.

आत्याचा हात दारावर थापट मारायला वर गेला. तिने तो तसाच धरला. "भिंगरे," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "बरी आहेस ना गं?"

आतून काहीच आवाज आला नाही. एक क्षण, दोन क्षण.

आत, खाली फरशीवर नीट बसून एका पायात मोजा चढवत, भिंगरी जोरजोरात मान हलवत होती. मग तिच्या लक्षात आलं की लागलेल्या दारातून मान दिसत नाही. ती थांबली, तिने छाती भरून श्वास घेतला, आणि बाहेरचा रंगारी दचकून उठेल इतक्या मोठ्याने ओरडली, "हो!"